आपण इथेच

1990-91 च्या हंगामात सॅक्रामेंटो किंग्ज हा अमेरिकन बास्केटबॉल संघ घरच्या मैदानावर 41 पैकी 24 सामने जिंकला. त्याच हंगामात परगावी खेळलेल्या 41 सामन्यांपैकी त्यानं जिंकला फक्त एक.

हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून मी कितीतरी वेळा पाहिले आहेत. खेळाडू तेच, प्रशिक्षक तोच. चेंडू तसाच, रिंगची उंचीही दहा फूटच. घरी खेळणाऱ्याचं पारडं थोडं जड असतं हे कुठल्याही खेळात खरं आहे. प्रवासाचा शीण नसतो, पायाखालची जमीन ओळखीची असते. पण चोवीसाला एक, एवढी तफावत शिणानं पडत नाही. ती ज्यांनी पाडली ते लोक खुर्च्यांवर बसलेले होते आणि तिकिटाचे पैसे मोजून आत आलेले होते.

या लोकांविषयी मला लिहायचं आहे. रसग्रहण करायचं ते कवितेचं, नाटकाचं, एखाद्या मैफलीचं, अशी आपल्याकडची रीत. पण एका गावानं हरणाऱ्या संघाभोवती चाळीस वर्षांत काही रचलं आहे. त्यात एक वाद्य आहे, एक घोषणा आहे, एक टोपणनाव आहे आणि एक दिवा आहे. ही रचना कोणा एकाची नाही, ती कुठे लिहून ठेवलेली नाही, आणि तरी ती ओळ न् ओळ वाचावी अशा तोलामोलाची आहे असं माझं ठाम मत आहे.

सॅक्रामेंटो ही कॅलिफोर्नियाची राजधानी. राजधानी म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतो तो दिमाख मात्र तिच्या वाट्याला आलेला नाही. नकाशात सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिस ही दोन नावं इतकी मोठी छापलेली असतात की हे नदीकाठचं शहर नजरेतून निसटतं. आसपास भाताची खाचरं, टोमॅटोचे मळे, बदामाच्या बागा. सरकारी कचेऱ्या पाचला सुटतात. अशा शहरात 1985 साली एक व्यावसायिक संघ राहायला आला.

राहायला आला हे शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण हा संघ म्हणजे पाठीवरचं बिऱ्हाड होतं. त्याचा जन्म रॉचेस्टरचा. तिथे 1951 मध्ये त्यानं एकमेव अजिंक्यपद मिळवलं. 1957 मध्ये तो सिनसिनाटीला गेला, 1972 मध्ये कॅन्सस सिटीला, तिथे काही वर्षं ओमाहा शहराशी वाटून घेऊन खेळला, आणि मग सॅक्रामेंटोला आला. तीन शहरांनी त्याला दारातून जाताना पाहिलं होतं. चौथ्या शहरानं त्याला घरात घेतलं तेव्हा शहराला ही पार्श्वभूमी ठाऊक होती. माझ्या मते सॅक्रामेंटोच्या प्रेक्षकाचं सारं वागणं इथून उलगडतं. बाकीच्या शहरांत चाहत्याला धास्ती असते संघ हरेल याची. इथल्या चाहत्याला धास्ती असते तो जाईल याची. हरणं त्याला सोसतं. निघून जाणं सोसत नाही.

पहिल्या दिवसापासून पाहा. दहा हजारांच्या आसपास खुर्च्यांचं एक तात्पुरतं मैदान, आणि 1988 पासून शहराच्या कडेला उघड्या माळावर उभं राहिलेलं आर्को अरीना. या दोन्ही ठिकाणी मिळून 1985 ते 1997 या काळात घरचे सलग 497 सामने तिकीटविक्रीत भरले. एकही जागा रिकामी नाही. आणि या संपूर्ण काळात एकाही हंगामात संघाचे विजय पराभवांपेक्षा जास्त नव्हते. परगावी तर सलग 43 सामने हरण्याचा विक्रम या संघानं केला. तो विक्रम घडत असतानाही घरी परतलेल्या संघाला तुडुंब भरलेलं मैदान दिसत होतं. याला आंधळी भक्ती म्हणणारे लोक मला भेटले आहेत. मला ते पटत नाही. आंधळ्या भक्ताला हार दिसत नाही, तो तिची कारणं बाहेर शोधतो. या लोकांना हार लख्ख दिसत होती. दर आठवड्याला ते ती समोर बसून पाहत होते. आलेला पाहुणा जेवणाला नावं ठेवून उठून जाऊ नये म्हणून घरची बाई जशी पंगतीत पुन्हा पुन्हा वाढत राहते, तसं हे येणं होतं.

आता वाद्याकडे येतो.

शतक बदलण्याच्या सुमारास हा संघ एकाएकी सुंदर खेळू लागला. ख्रिस वेबर, सर्बियाचे व्लादे डिवाच आणि पेजा स्टोयाकोविच, माइक बिबी, डग क्रिस्टी. चेंडू हातात थांबतच नसे. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, जणू प्रत्येकाला तो दुसऱ्याला द्यायची घाई झाली आहे. लॉस एंजेलिस लेकर्सशी वैर जुंपलं ते याच दिवसांत. लेकर्सचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी सॅक्रामेंटोची अर्धवट सुधारलेलं खेडं, गुराढोरांचं गाव अशा अर्थाची संभावना केली. पुढच्या सामन्यांना लोक गाईच्या गळ्यातल्या घंटा घेऊन आले. खऱ्या, पत्र्याच्या, खडखड वाजणाऱ्या. लेकर्सच्या बाकामागे उभं राहून त्यांनी त्या वाजवल्या.

या उत्तराची घडण पाहण्यासारखी आहे. हिणवलेल्या माणसापुढे सहसा दोन वाटा असतात. मी तसा नाहीच असं सांगत सुटायचं, किंवा उलट शिवी द्यायची. सॅक्रामेंटोनं दोन्ही टाळल्या. गुराढोरांचं गाव ना, मग ही घ्या गुरांचीच घंटा. निंदेतला शब्द उचलून त्यांनी त्याचं वाद्य केलं, आणि ते वाद्य निंदकाच्याच कानाशी वाजवलं. तुमचं म्हणणं आम्ही मान्य करतो, पण त्यात लाज कसली ते सांगा, असा तो सवाल आहे. ज्याच्या घरात शेतीभाती आहे अशा कुठल्याही मराठी वाचकाला या सवालातला ताठा आतून कळेल. बैल पोळ्याला सजतो तेव्हा त्याच्या गळ्यातल्या घुंगुरमाळेची कोणाला लाज वाटते?

नादाच्या अंगानंही ही घंटा वेगळी आहे. स्टेडियममध्ये टाळ्या असतात, पायांचा ठेका असतो, त्यांना लय सापडते आणि लय सापडली की प्रतिस्पर्धीही तिच्यात स्थिरावतो. पत्र्याच्या घंटेला सूर नाही, आस नाही. हजारो घंटा एकत्र वाजल्या तरी त्यांचा एक आवाज होत नाही. प्रत्येक घंटा आपल्यापुरती खडखडते. फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता मिळणारा फटका, मारायला उभ्या राहिलेल्या पाहुण्या खेळाडूला त्यामुळे कशाचाच आधार घेता येत नाही.

2002 ची लेकर्सशी झालेली सात सामन्यांची उपांत्य लढत हे या गावाचं कायमचं दुखणं आहे. 61 सामने जिंकून संघ तिथे पोचला होता. चौथ्या सामन्यात शेवटच्या क्षणाला रॉबर्ट हॉरीनं लांबून मारलेला फटका बसला आणि लेकर्स 100-99 नं जिंकले. सहाव्या सामन्यात शेवटच्या पावभागात लेकर्सना 27 फ्री थ्रो मिळाले. पंचगिरी इतकी एकांगी वाटली की ग्राहक चळवळीचे नेते राल्फ नेडर यांनी एनबीए या लीगच्या आयुक्तांना पत्र लिहून चौकशीची मागणी केली. सातवा सामना घरी होता. तो जादा वेळेत 112-106 असा गेला.

सॅक्रामेंटोचा माणूस बोलतो तो सहाव्या सामन्याबद्दल. सातव्याबद्दल फार कमी. त्या सातव्यात किंग्जनी 30 पैकी 14 फ्री थ्रो चुकवले होते आणि लांबचे 20 फटके मारून फक्त दोन बसवले होते. म्हणजे घर भरलेलं होतं, घंटा वाजत होत्या, समोर कोणी आडवं उभं नव्हतं आणि तरी पोरांचे हात थरथरले. पंचांवर रागावता येतं. थरथरत्या हातांवर कसं रागावणार? सातव्या सामन्याविषयीच्या त्या मौनात मला या प्रेक्षकाचा मोठेपणा दिसतो. आपल्या माणसाचं जे चुकलं ते त्यानं चारचौघांत काढलं नाही.

पुढे घसरण आली. 2006 नंतर सलग 16 हंगाम हा संघ प्लेऑफपर्यंत, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीपर्यंत, पोचला नाही. लीगच्या इतिहासात इतका लांब दुष्काळ दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आलेला नाही. या काळात हंगामी धरून 11 प्रशिक्षक झाले. सगळ्यांची कहाणी सांगत बसण्यात अर्थ नाही, एकच सांगतो. डिसेंबर 2014 मध्ये माइक मलोन यांचा संघ 11 जिंकून 13 हरला होता, म्हणजे त्या वर्षांच्या मानानं बराच बरा होता, आणि मुख्य खेळाडू डीमार्कस कझिन्स आजारी होता. त्याच आठवड्यांत मलोन यांना काढून टाकलं. 2023 मध्ये हेच मलोन डेन्व्हरला अजिंक्यपद मिळवून देणारे प्रशिक्षक ठरले. नव्या खेळाडूंच्या निवडीतही तेच. 2018 मध्ये दुसऱ्या क्रमांकाची निवड हाती असताना किंग्जनी मार्विन बॅग्ली घेतला आणि लुका डाँचिचसारखा पुढे नावाजलेला खेळाडू पुढच्याला सोडला.

या वर्षांनी गावाला एक शब्द दिला. किंग्ज या नावाचा वाकडा उच्चार, ‘कँग्झ’. हाती आलेलं हातानं घालवलं की लोक एवढाच एक शब्द म्हणतात. बाहेरचे तो टिंगलीला वापरतात. पण सॅक्रामेंटोच्या तोंडी तो ऐकावा. आपल्या पोराला आपण कार्टं म्हणतो, आणि शेजाऱ्यानं म्हटलं की त्याच्या अंगावर धावून जातो. त्या शब्दात वैताग शंभर टक्के खरा असतो आणि मालकीही शंभर टक्के खरी असते. कँग्झ हा तसा शब्द आहे. घरातल्या माणसालाच तो शोभतो.

राग हा या प्रेमाचा उणा भाग नाही. या गावानं हुर्यो केली आहे, खुर्च्या रिकाम्या ठेवल्या आहेत, मालकांच्या नावानं फलक धरले आहेत. 497 सामने भरणारं मैदान पुढे ओस पडलेलंही लोकांनी पाहिलं. पण राग कशावर होता ते तपासलं की पुन्हा तीच नस सापडते. वेबरचा करार संपत आला तेव्हा त्यानं राहावं म्हणून शहरात मोठमोठे फलक लागले होते. आणि फेब्रुवारी 2022 मध्ये टायरीस हॅलिबर्टनला इंडियानाला देऊन टाकलं तेव्हा लोक हळहळले, ते तो चांगला खेळत होता एवढ्यासाठी नाही. त्याला सॅक्रामेंटोत राहायचं होतं आणि त्यानं ते कधी लपवलं नव्हतं. जिथून जो तो जायला बघतो अशी ज्या गावाची ख्याती, तिथे एक तरुण पोरगा मी इथेच राहतो म्हणत होता, आणि त्यालाच दार दाखवलं गेलं. त्या बदल्यात आलेल्या डोमांटस साबोनिसनं पुढे संघाला वर काढलं, हेही खरं. खेळाचा हिशेब जुळला. हळहळ तरी राहिलीच.

आता 13 एप्रिल 2011 ची रात्र.

तेव्हाचे मालक मलूफ बंधू संघ ॲनाहाइमला हलवण्याच्या खटपटीत होते. हंगामाचा शेवटचा सामना घरी होता, आणि गावात जवळपास सगळ्यांनी धरून चाललं होतं की हा सॅक्रामेंटोतला शेवटचा. समोर लेकर्स. त्यांच्या बाकावर तेच फिल जॅक्सन, जे स्वतः त्या वर्षी निवृत्त होणार होते. शेवटच्या पावभागात किंग्ज 20 गुणांनी मागे होते. तिथून ते उठले, बरोबरीला आले, पुढे गेले. छप्पर उडेल असा आवाज झाला. घड्याळात पाचेक सेकंद उरलेली असताना लेकर्सच्या कोबी ब्रायंटनं तीन गुणांचा फटका बसवून बरोबरी साधली. जादा वेळेत लेकर्स 116-108 नं जिंकले.

सामना संपला. लोक उठले नाहीत.

एरवी सामना संपल्यावर काय होतं ते आपल्याला माहीत आहे. वाहनतळावर आधी पोचायची धावपळ, पायऱ्यांवर रेटारेटी. इथे हजारो लोक तसेच उभे. कोणी रडत होतं, कोणी नुसतं जमिनीकडे बघत होतं. समालोचकांच्या टेबलावर ग्रँट नेपिअर आणि जेरी रेनल्ड्स थेट प्रक्षेपण बंद करायच्या तयारीत होते. रेनल्ड्स 1985 पासून संघासोबत, आधी प्रशिक्षकवर्गात आणि नंतर समालोचक म्हणून. त्यांना वाक्य पुरं करता येईना. त्या प्रक्षेपणाच्या चित्रफितीत मी पुन्हा पुन्हा थांबतो तो तिथे नाही, मागच्या आवाजापाशी थांबतो. रिकाम्या होत नसलेल्या मैदानातून एक घोषणा येत राहते. ‘हिअर वी स्टे.’

तीन साधे शब्द. मी ते मराठीत आणायला बसलो आणि अडलो. आम्ही इथेच राहणार म्हणायचं की आपण इथेच राहणार? इंग्रजीत एकच शब्द दोन्ही कामं करतो. आपल्या भाषेत मात्र माणसाला ठरवावं लागतं की समोरच्याला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं. मालकांना आणि लीगला उद्देशून असेल तर ते आम्ही आहे, अंगण अडवून बसलेल्या माणसाचं. पण त्या रात्री मैदानावर मालक नव्हते. होते ते खेळाडू, मघाशी हरलेले, टॉवेल खांद्यावर टाकून अजून आत न गेलेले. लोक त्यांच्याकडे तोंड करून उभे होते. खरं तर लोकांना कोणी कुठे पाठवत नव्हतं. त्यांची घरं, नोकऱ्या, शाळा इथेच होत्या. जाणार होता तो संघ. राहणाऱ्यांनी जाणाऱ्याला आपल्या क्रियापदात ओढून घेतलं. आपण इथेच. तू जाणारा नाहीस, कारण आम्ही तुला आमच्यातून वेगळा मोजलेलाच नाही.

आपल्या रसचर्चेत स्थायीभाव म्हणतात तो असा ओळखावा लागतो. विषाद येतो, अमर्ष येतो, हर्ष येतो, हे सगळे संचारी. लाट येते आणि ओसरते. खाली जे न हलता असतं ते या तीन शब्दांत आहे. विजयाची आशाही मला या गावाच्या बाबतीत संचारीच वाटते. ती 2002 ला आली आणि गेली, 2023 ला आली आणि गेली.

ॲनाहाइमचा बेत बारगळला. 2013 मध्ये सिॲटलच्या गटानं संघ विकत घेण्याचा करार केला तेव्हा पुन्हा तोच फेरा. महापौर केव्हिन जॉन्सन हे सॅक्रामेंटोतच जन्मलेले आणि स्वतः एकेकाळचे नावाजलेले बास्केटबॉलपटू. त्यांनी नवे खरेदीदार उभे केले, नव्या मैदानासाठी शहरानं पैसा घालायचं कबूल केलं, आणि मे महिन्यात लीगच्या मालकमंडळानं 22 विरुद्ध 8 मतांनी स्थलांतर नाकारलं. त्या खरेदीदारांत पुढे होते विवेक रणदिवे. मुंबईत जन्मलेले, अमेरिकेत सॉफ्टवेअरच्या धंद्यात नाव काढलेले, आणि एनबीए संघाचे पहिले भारतीय वंशाचे मुख्य मालक. आपल्या ओळखीचं आडनाव म्हणून मराठी माणसाला कौतुक वाटणं साहजिक आहे, मलाही वाटलं. पण मलोन यांना काढलं गेलं ते त्यांच्याच कारकिर्दीत, आणि दुष्काळातली शेवटची नऊ वर्षंही त्यांच्याच. संघ गावात ठेवल्याचं श्रेय आणि ही नऊ वर्षं, दोन्ही त्यांच्या खात्यावर मांडली पाहिजेत. सॅक्रामेंटोचे लोक ती तशीच मांडतात.

इथे सिॲटलची आठवण काढल्याशिवाय पुढे जाणं अन्यायाचं होईल. त्या शहराचा सुपरसॉनिक्स हा संघ 41 हंगाम तिथे खेळून 2008 मध्ये ओक्लाहोमा सिटीला नेला गेला होता. सॅक्रामेंटोला ज्या दुःखाची भीती होती ते सिॲटल प्रत्यक्ष जगत होतं, आणि ते भरून काढायला सॅक्रामेंटोचं घर मोडू पाहत होतं. त्या लढाईत दुष्ट कोणी नव्हतं. जिंकलेल्या बाजूचा आनंद मला म्हणूनच निर्भेळ वाटत नाही.

2019 च्या ऑक्टोबरात रणदिवे आपला संघ मुंबईत घेऊन आले. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये 4 आणि 5 तारखेला इंडियाना पेसर्सशी दोन सामने झाले. भारतात एनबीएचे संघ खेळण्याची ती पहिली वेळ. पहिल्या दिवशी प्रेक्षक म्हणून हजारो शाळकरी मुलं होती. किंग्ज जादा वेळेत 131-132 असे एका गुणानं हरले आणि दुसऱ्या दिवशी 106-130. मुंबईला बास्केटबॉल नवा नाही. नागपाड्यात या खेळाचं वेड पिढ्यानपिढ्या मुरलेलं आहे. तरीही वरळीतला तो प्रेक्षक पाहुणा होता. खेळ बघायला आला, डोळे भरून बघून घरी गेला. हरलेल्या संघाला मागे थांबून काही सांगावं असं त्याला वाटायचं कारण नव्हतं. सॅक्रामेंटोचा माणूस खुर्चीवर बसतो तेव्हा तो नुसता बघत नसतो, हा फरक मला वरळीच्या सामन्यांमुळे जास्त स्पष्ट झाला.

आणि आता दिवा.

29 ऑक्टोबर 2022. नवा हंगाम, पहिले चारही सामने हरलेले, पाचव्यात मायामी हीटवर 119-113 असा विजय. त्या रात्री शहराच्या मध्यवस्तीतल्या नव्या मैदानाच्या, गोल्डन वन सेंटरच्या छतावरून लेसरचा जांभळा झोत सरळ आकाशात गेला. प्रत्येक विजयानंतर तो लावायचा असं संघाच्या व्यवस्थापनानं ठरवलं होतं. म्हणजे कल्पना कचेरीत निघाली, जाहिरात म्हणूनच निघाली. पण काही आठवड्यांतच ती कचेरीच्या हातून सुटली. सामना खिशात आला की घड्याळात दोन मिनिटं शिल्लक असतानाच खुर्च्यांवरून घोष सुरू होऊ लागला, ‘लाइट द बीम, लाइट द बीम.’ झोत लावा. लोकांनी त्या दिव्याला आज्ञार्थ जोडला आणि तो लोकांचा झाला.

या घोषात काय काय नाही ते आधी पाहा. संघाचं नाव नाही. प्रतिस्पर्ध्याचं नाव नाही, त्याला चिडवणं नाही. आम्ही जिंकलो असंही म्हटलेलं नाही. विजय गृहीत धरून ते पुढची एकच गोष्ट मागतात, उजेड. सतरा हजार माणसं एका आवाजात बढाई मारू शकली असती. ती दिवा लावायला सांगतात.

झोताची दिशाही वर आहे, कोणाच्या अंगावर जात नाही. आणि तो सगळ्यात चांगला दिसतो तो बाहेरून. आत बसलेल्याला छतावरचा उजेड थेट दिसत नाही. महामार्गावरून घरी निघालेला ट्रकवाला, रुग्णालयात रात्रपाळीला असलेली परिचारिका, दूरच्या वस्तीत पोराला खांद्यावर घेऊन ओसरीत उभा राहिलेला बाप, यांना तो दिसतो. तिकीट परवडलं नाही त्यांनाही निकाल मान वर करून वाचता येतो. आपल्याकडे देवळापुढे दीपमाळ असते. त्रिपुरी पौर्णिमेला ती पेटली की गाभाऱ्यापर्यंत पोचू न शकलेल्यालाही शिवाराच्या कडेवरून देव दिसल्यासारखं होतं. मी पहिल्यांदा तो जांभळा खांब पाहिला तेव्हा मला दीपमाळच आठवली.

यातला सर्वांत मोठा गुण मात्र वेगळाच आहे. झोत अजिंक्यपदासाठी राखून ठेवलेला नाही. 82 सामन्यांच्या हंगामात डिसेंबरातल्या एखाद्या मंगळवारी, तळाच्या संघाला चार गुणांनी हरवलं तरी तो तितकाच उंच जातो. मोठ्या संघांच्या गावी असा विजय कोणी बोलूनही दाखवत नाही. ज्यांनी सोळा हंगाम दुष्काळ काढला त्यांनाच एका पावसाची सर साजरी करता येते.

त्या वर्षी सरी पुष्कळ आल्या. 48 विजय. 29 मार्च 2023 रोजी पोर्टलंडमध्ये जिंकून संघानं प्लेऑफ गाठला. प्रशिक्षक माइक ब्राउन एकमतानं वर्षातले सर्वोत्तम ठरले. 15 एप्रिलला घरी पहिला प्लेऑफ सामना झाला, समोर दीडशे किलोमीटरवरचे गतविजेते गोल्डन स्टेट वॉरियर्स. आपल्याकडे तेव्हा रविवारची सकाळ होती. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवला होता. घंटांचा खडखडाट इतका सलग होता की कुकरची शिट्टी झाल्याचं कळलं नाही. डी’अॅरन फॉक्सनं 38 गुण काढले आणि किंग्ज 126-123 नं जिंकले. सतरा वर्षांत वयात आलेली, प्लेऑफचा एकही घरचा सामना न पाहिलेली मुलं त्या गर्दीत होती, आणि त्यांच्या हातात घंटा होत्या. ही घंटा का वाजवायची, हे त्यांना कोणीतरी घरी सांगितलेलं असणार. लढत सातव्या सामन्यापर्यंत गेली. 30 एप्रिलला त्याच मैदानावर वॉरियर्सच्या स्टेफन करीनं 50 गुण काढून ती संपवली. सातव्या सामन्यात इतके गुण तोवर कोणी काढले नव्हते.

नंतरचं थोडक्यात. पुढच्या वर्षी संघ प्लेऑफच्या उंबरठ्यावर अडला. डिसेंबर 2024 मध्ये ब्राउन यांना काढलं, फेब्रुवारी 2025 मध्ये फॉक्स सॅन अँटोनियोला गेला, आणि हंगाम 40 विजय, 42 पराभवांवर आला. 16 एप्रिल 2025 ला घरी डॅलसकडून 120-106 असा पराभव झाला आणि तेही वर्ष संपलं. गावात पुन्हा तो वाकडा उच्चार ऐकू येऊ लागला. प्रशिक्षकाच्या जागी आला डग क्रिस्टी, 2002 च्या त्या सातव्या सामन्यात मैदानावर असलेला. इतक्या जणांनी सोडलेल्या घरात तो मात्र परत आला.

सॅक्रामेंटोचा घरचा सामना पाहायचा योग आला, तर ते नक्की हरत असतील असा एखादा निवडा. आपल्याकडे सकाळचे साडेसात-साडेआठ वाजलेले असतील. गुणफलकावर बोट ठेवून तो झाका, समालोचकांकडे लक्ष देऊ नका, आणि शेवटची पाच मिनिटं फक्त मागचा आवाज ऐका.